नवशिक्याचा काळा ठिपका: पायरोग्राफी आणि माझं फसलेलं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण गाईड मॅडमकडून परत आलं. लाल शाई फारशी नव्हती, पण एका परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं एकच ओळ होती: ‘हे तुम्ही कधी करून पाहिलंय का?’

परिच्छेद पायरोग्राफीवर होता, म्हणजे तापलेल्या टोकानं लाकूड डागून चित्र काढण्यावर. माझा विषय १८८० ते १९१० या काळातले अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मध्यमवर्गीय घरांतले छंद. (नाशिकच्या मुलीनं हा विषय का घेतला, हे सगळेच विचारतात. खरं उत्तर असं की त्या काळचे कॅटलॉग आणि मासिकं स्कॅन होऊन घरबसल्या मिळतात, आणि माझ्याकडे विमानाचे पैसे नव्हते.) मी झोकात लिहिलं होतं की १९००च्या आसपास हा छंद पसरला तो जाहिरातींमुळे, आणि त्यातून घरच्या बायकांना स्वतःच्या अभिव्यक्तीचं साधन मिळालं. वाचलं भरपूर होतं. करून काहीच पाहिलं नव्हतं.

मग सोल्डरिंग आयर्नसारखं दिसणारं एक स्वस्तातलं विजेचं पेन मागवलं. लाकूड म्हणून पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी घेतली आणि एक साधं पान काढायला बसले. पहिल्याच रेघेला जो घोटाळा झाला, त्यानं माझा परिच्छेद मोडीत काढला. टोक लाकडाला टेकलं तिथे मिरीएवढा काळा ठिपका उमटला, पुढे रेघ फिकट होत गेली, आणि मध्येच पाइनच्या कडक रेषेवर टोक अडखळून पलीकडच्या मऊ भागात खोल घुसलं. दुसरी रेघ तशीच. दहावीही तशीच.

कारण समजायला वेळ लागला नाही. हवेत धरलेलं टोक सगळ्यात तापलेलं असतं. लाकडाला लागलं की लाकूड उष्णता ओढून घेतं आणि टोक गार होऊ लागतं. शिवाय नवशिक्याचा हात टेकताना क्षणभर थबकतो. म्हणून सुरुवातीला डाग आणि पुढे फिकी रेघ. सवयीचा माणूस हात हलता ठेवूनच टोक खाली आणतो आणि हलतानाच उचलतो. मला हे जमायला तीन आठवडे लागले, तेही अर्धंमुर्धं.

आता हाच ठिपका मनात ठेवून इतिहासाकडे बघू या. इंटरनेटवर पायरोग्राफीचा इतिहास शोधलात तर पहिल्या दोन ओळींत तुम्हाला प्राचीन काळात नेलं जाईल. त्यात सगळंच खोटं नसतं. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर हुआका प्रिएता इथे ज्युनियस बर्ड यांनी १९४६-४७मध्ये उत्खनन केलं, तेव्हा हजारो वर्षांपूर्वीचे नक्षी केलेले भोपळे सापडले, आणि डागून नक्षी केलेले भोपळे पेरूत आजही बनतात. पण त्या भोपळ्यावरून १९०५ साली शिकागोजवळच्या एखाद्या घरात टेबलावर हे काम का चाललं होतं, ते कळत नाही. ‘सुरुवात कधी झाली’ आणि ‘अमुक काळात का पसरलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्यासकट बरेच जण पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा सुटला असं समजतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत या कामाला ‘पोकर वर्क’ म्हणत. पोकर म्हणजे पत्त्यांचा खेळ नव्हे, शेगडीतले निखारे सारखे करायची सळई. ती विस्तवात तापवायची आणि लाकडावर ओढायची. सळई लगेच निवू लागते, म्हणून जाणकार दोन-तीन सळया विस्तवात ठेवत: ताजी तापलेली गडद भागासाठी, निवत आलेली फिकट छायेसाठी. बोस्टनजवळ राहिलेले शिल्पकार रॉबर्ट बॉल ह्यूज यांनी अशी चित्रं केली. अमेरिकेत ओतलेल्या पहिल्या मोठ्या ब्राँझ पुतळ्यांपैकी एक, माउंट ऑबर्न दफनभूमीतला नॅथॅनिएल बाउडिच यांचा, त्यांच्याच हातचा. अशा माणसाला निवणाऱ्या सळईचा अंदाज घेता येतो. तुम्हाआम्हाला येत नाही. मी गॅसवर जुना स्क्रूड्रायव्हर तापवून प्रयत्न केला. चार बोटं रेघ ओढेपर्यंत तो गार झाला, आणि आईनं मला ओट्यापासून हाकललं.

बदल घडला तो छंदाच्या नव्हे, वैद्यकाच्या बाजूनं. जखम किंवा गाठ तापलेल्या धातूनं डागण्याची पद्धत जगभर जुनी आहे; सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि आपल्या आजीच्या पिढीला ‘डाग देणं’ समजावून सांगावं लागत नाही. अडचण तीच, पोकरवाली: लोखंड निवतं. फ्रेंच डॉक्टर क्लोद आंद्रे पाकेलँ यांनी १८७०च्या दशकात यावर उपाय काढला. पोकळ प्लॅटिनमचं टोक, त्याला रबरी नळी, नळीला बेंझिनची बाटली आणि हातानं दाबायचा रबरी बल्ब. टोक आधी स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, मग बल्ब दाबून बेंझिनची वाफ आणि हवा आत सोडायची. तापलेल्या प्लॅटिनमवर असं मिश्रण ज्योतीशिवाय जळत राहतं (हा गुण हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ साली मांडला होता) आणि त्याच उष्णतेनं धातू लाल राहतो. बल्ब चालू आहे तोवर टोक तापलेलं.

शस्त्रक्रियेचं हेच अवजार थोड्याफार फरकानं छंदाच्या पेटीत आलं. प्लॅटिनमचं टोक, बाटली, दिवा, बल्ब: त्या काळच्या ‘पायरोग्राफी आउटफिट’च्या जाहिरातींतली चित्रं पाहिली की डॉक्टरची बॅग उघडल्यासारखं वाटतं. न्यू यॉर्कची फ्लेमिश आर्ट कंपनी आणि शिकागोची थेयर अँड चँडलर ही त्या धंद्यातली मोठी नावं. हातमोज्यांचे डबे, रुमालाचे डबे, भिंतीवरच्या तबकड्या असं सगळं त्यात असे.

आता माझ्या परिच्छेदाकडे. जाहिरातींनी छंद पसरला हे खोटं नाही, पण जाहिरात कशाची करता येते? बॉल ह्यूजच्या हाताची करता येत नाही. ‘कोणालाही जमेल’ असं छापायला आधी टोक तापलेलं राहायला हवं. मी घटनांचा क्रमच उलटा लावला होता. नवशिक्या ही जमात त्या प्लॅटिनमनंतर शक्य झाली, आणि मग तिला विकायला मासिकं धावली. लाकडाचंही तसंच. या कंपन्या बासवूड का वापरत, हे मी ‘स्वस्त असावं’ म्हणून सोडून दिलं होतं. पाइनवर हात पोळून घेतल्यावर सुतारकाकांकडून शिवणीचा तुकडा आणला आणि रेघ निमूट चालू लागली. बासवूड असंच हलकं, फिकट, एकसारख्या पोताचं. त्यावर नवशिक्या कमी हरतो. (प्लायवूड आणि एमडीएफ जाळू नका. त्यातल्या गोंदाचा धूर वाईट. आणि खिडकी उघडी ठेवा.)

‘अभिव्यक्ती’चं मात्र पार पानिपत झालं. या कंपन्या तयार वस्तू विकत, तसेच नक्षी आधीच छापलेले कोरे डबेही. घरी त्या रेषा फक्त डागायच्या आणि हवं तर रंगवायच्या. म्हणजे लिलावाच्या साइटवर ‘हस्तकला, अंदाजे १९०५’ म्हणून दिसणाऱ्या डब्यावरची चेरी किंवा तरुणीचा चेहरा घरच्या बाईच्या मनातून आलेला असेलच असं नाही. डबा आख्खा कारखान्यातूनच डागून आला असेल, हेही शक्य. मी अशा एकोणीस डब्यांच्या फोटोंवरून बायकांच्या कल्पनाविश्वाबद्दल दोन पानं लिहिली होती. ती काढली. दुखलं, खोटं कशाला बोलू.

मग त्या फोटोंत घरच्या माणसाचं काय उरतं? माझा ठिपका. फोटो पुन्हा मोठे करून पाहिले, तेव्हा काही डब्यांवर रेघेच्या सुरुवातीला गडद डाग दिसले, छापील रेषेबाहेर गेलेली टोकं दिसली. पार्श्वभूमी भरतानाचे फटके एका कोपऱ्यात दाट आणि दुसऱ्यात कंटाळल्यासारखे विरळ होते. इतर काही डब्यांवर यातलं काही नाही, सगळं एका दाबाचं. नक्षी कोणी ठरवली हे यावरून कळत नाही, पण हात सरावलेला होता की नव्हता, याबद्दल जपून काही म्हणता येतं.

जपून, कारण पुढे मी वाहवत गेले. बेंझिनच्या यंत्रात डावा हात बल्ब दाबण्यात गुंतणार, म्हणजे लाकूड धरायला तो मोकळा नाही. हे वाचून कधी डोक्यात आलं नव्हतं. घरातल्या बंद पडलेल्या बीपीच्या यंत्राचा रबरी फुगा डाव्या हातात घेऊन मी तो दाबत दाबत रेघा ओढल्या. प्रत्येक दाबाला उजवा हात किंचित हलत होता. लगेच मला त्या एकोणीसही डब्यांवर तशीच थरथर दिसू लागली! मॅडमना उत्साहानं फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, ‘फुगा न दाबता काढलेल्या तुमच्या रेघा कुठे आहेत?’ त्या काढून शेजारी ठेवल्या. थरथर त्यातही होती. शिवाय पाकेलँच्या यंत्रात दुसरा, जाळीतला बल्ब असतो, तो दाब समान ठेवायलाच. माझ्या फुग्यात तो नव्हता. मुद्दा वगळला.

दुरुस्त प्रकरण ऑगस्टमध्ये दिलं. अभिव्यक्तीच्या दोन पानांच्या जागी आता पाऊण पान आहे. त्यात प्लॅटिनमचं टोक आहे, बासवूड आहे, आणि सात डब्यांवरचे ठिपके आहेत. बाकीच्या बारा डब्यांबद्दल तळटीप आहे. शिवणीच्या तुकड्यावर शेवटी मी एक पिंपळपान पूर्ण केलं. देठाच्या सुरुवातीला ठिपका आहेच.