मराठवाड्यातील परसबाग : काल आणि आज



उदगीर, औसा, कंधार या किल्ल्यांचा इतिहास आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. कोणी बांधला, कोणी जिंकला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण त्या किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या घरांत भाकरीबरोबर काय वाढले जात होते? ती भाजी कुठून येत होती आणि तिला पाणी कोण घालीत होते? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण तो विचारू, कारण त्यात आपल्या घरातल्या लेकरांच्या आणि बायामाणसांच्या प्रकृतीचा प्रश्न गुंतलेला आहे.

सुरुवात थोडी मागून करू. लातूरच्या सरहद्दीपलीकडे, आजच्या बीदर जिल्ह्यात, बसवकल्याण हे गाव आहे. तेच चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या सोमेश्वर तिसरा या राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात जेवणखाणाचे सविस्तर वर्णन आहे. मौज अशी की, त्या राजाच्या ताटात मिरची नव्हती, टोमॅटो नव्हता आणि बटाटाही नव्हता! ही सारी अमेरिका खंडातली झाडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आल्यावर ती हळूहळू आपल्याकडे रुजली. तेव्हा आज परसात मिरचीचे रोप नसेल तर घर अडते, ती मिरची एके काळी पाहुणी होती. वांगे, दोडका, कारले ही मात्र जुनी मंडळी.

पुढे तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी सावता माळी होऊन गेले. भाजीच्या मळ्यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. भाजी पिकवणे हे हलके काम नाही, हे आपल्या वारकरी परंपरेने तेव्हापासून मानले आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. मराठवाड्यातली जुनी घरे जाड मातीच्या भिंतींची आणि वर माळवद घातलेली. गावठाण दाटीवाटीचे, त्यामुळे परस असला तर हातभर. पण न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे, तिथे अळूची चार पाने, एखादा शेवगा, कुडावर चढलेला दोडका किंवा घोसाळे हे ठरलेले असे. बाकीची भाजी शेतातून येई. ज्वारीत खुरपण करताना तांदुळजा आणि घोळ ओट्यात पडे. पाटीवर अंबाडी असे. हिवाळ्यात कोवळ्या करडईची आणि हरभऱ्याची भाजी होई. यासाठी कोणाला पैसे मोजावे लागत नसत.

आता तुम्ही म्हणाल, न्हाणीच्या पाण्यावर भाजी ती कितीशी होणार? हिशेब करून बघा. गुरुजींनी हा हिशेब वर्गात अवश्य घालावा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक उन्हात वाफ्याला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी धरले, तर १० चौरस मीटरच्या वाफ्याला ५० लिटर लागते. घरात पाच माणसे आणि प्रत्येकाची १५ लिटरची एक बादली धरली, तर आंघोळीचेच ७५ लिटर होते. म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्यावर एक वाफा सहज जगतो. अट एवढीच की आंघोळीला बादलीभर पाणी मिळाले पाहिजे. आपल्या परसबागेचा सगळा इतिहास या अटीभोवती फिरतो.

१९७२ चा दुष्काळ पुष्कळांच्या आठवणीत आहे. विहिरी आटल्या, जनावरे गेली, माणसे खडी फोडायला गेली आणि सुकडीवर दिवस काढले. जिथे प्यायला पाणी नाही, तिथे दोडक्याच्या वेलाला कोण विचारतो? अशा वर्षी वेल जातो आणि त्याबरोबर घरचे बियाणेही जाते. राखेत घोळून गाडग्यात ठेवलेले बी एक पावसाळा पेरले नाही, दुसरा नाही, की ते उगवत नाही. मग बाजाराचे पुडके आणावे लागते. त्यातले बी संकरित असेल, तर त्याचे बी धरून पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही.

रोगांचेही तसेच. भेंडीची पाने पिवळ्या शिरांनी भरतात, त्याला आपण केवडा म्हणतो. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही जात आधी या रोगापुढे टिकत होती. पुढे तीही बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका रानटी भावंडाशी तिचा संकर करून १९८५ साली ‘परभणी क्रांती’ ही जात दिली. आपल्या मातीतल्या विद्यापीठाची ही जात देशभर गेली. तीही पुढे ठिकठिकाणी रोगाला बळी पडू लागली, हेही खरे. रोग बदलतो, तसे बियाणेही बदलावे लागते. घरच्या वाफ्यात मात्र सोपा उपाय आहे : पिवळे झाड दिसले की त्याच दिवशी उपटा आणि बाकीच्यांवर निंबोळीचा अर्क फवारा. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळून घ्यावी.

मग आला ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर भागात धरणी हादरली आणि त्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या गावांत रस्ते रुंद, घरे सुटी आणि घराभोवती मोकळी जागा. दाटीच्या गावठाणात जो परस कधी मिळाला नव्हता, तो एवढ्या मोठ्या दुःखानंतर पदरी पडला. घरदुरुस्तीच्या त्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. त्याच कामातून १९९८ साली प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था उभी राहिली.

या बायकांनी पुढे एक साधी मागणी केली, ती आपण नीट ऐकावी. घरची जमीन सोयाबीनखाली गेली होती. पैसा हाती येई, पण तणनाशकाने तणाबरोबर तांदुळजाही गेला आणि भाजी विकत आणावी लागू लागली. तेव्हा त्या घरच्यांना म्हणाल्या, “आम्हाला अर्धा-एक एकर द्या. त्यात काय पेरायचे ते आम्ही ठरवू.” त्यांनी भाज्या, डाळी, धान्य असे मिश्र पीक घेतले, आधी घरात खाल्ले, उरले ते विकले. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला.

मात्र सगळे सुरळीत झाले असे समजू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांवर. म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. अशा वेळी आंघोळीची बादलीच नाही, तर वाफा कुठला?

तरीही ही खटपट कशासाठी करायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) असे दिसले की, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. एकट्या पालेभाजीने हे दुखणे जाणार नाही. त्याला औषधही लागते. पण ताटात रोज हिरवे पान असावे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.

शिक्षकांना एक विनंती. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हापासून हाताच्या कामातून शिक्षण हे आपण ऐकत आलो. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांच्या परसबागेसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. फलक लावून थांबू नका. हात धुण्याच्या जागेचे पाणी वाफ्याकडे वळवा. प्रत्येक मुलाला घरून एक बी आणायला सांगा आणि ते कोणाकडून आले, हे वहीत लिहून घ्या. आजीकडून आलेले दोडक्याचे बी हाही इतिहासच आहे.

आणि घरच्या कर्त्या मंडळींना एवढेच सांगणे : मृग लागण्यापूर्वी न्हाणीमागे दोन आळी करा, उकिरड्यातले दोन पाट्या खत घाला, कोंबड्या-शेरडांपासून राखण म्हणून कुडाला काटी लावा. आणि काय लावायचे, हे घरातल्या बाईला विचारा.