प्रेमाची कारणे कशी शोधायची?

जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचे लेणे आहे. तिथला प्राकृत भाषेतील ब्राह्मी लेख साधारणपणे इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. ते आज नाहीत, पण त्यांची कोरलेली नावे वाचता येतात. त्यांत राणी नागनिका आणि राजा सातकर्णी यांची नावे जोडीने येतात. त्यांचे एकमेकांवर प्रेम होते का? लेखात यज्ञांची आणि दानांची मोठी यादी आहे. या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यात नाही.

मग त्या काळची माणसे प्रेमाबद्दल बोलतच नव्हती का? बोलत होती. परंपरेने हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे. त्यात नांगरणारे, वाटसरू, नवरा परगावी गेलेल्या बायका अशी साधी माणसे भेटतात. एका गाथेत तर प्रेम ओसरण्याची कारणेच मोजली आहेत. भेट न होणे हे एक आणि फार भेटणे हेही एक! लोकांची कुजबुज हे आणखी एक. काही वेळा कारणच नसते, हेही तिथे मान्य केले आहे.

हे निरीक्षण मार्मिक आहे. पण ते खरे की खोटे, हे कसे ठरवायचे? इथे विसाव्या शतकातील मानसशास्त्र कामी येते. १९५० साली फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कोणाची कोणाशी जमते ते पाहिले. शेजारच्या दारात मैत्री अधिक आढळली. १९६८ साली झायोन्स यांनी दाखवले, की एखादी अनोळखी गोष्ट वारंवार दिसली, तर ती सहसा अधिक आवडू लागते. १९७० साली रुबिन यांनी प्रेम आणि आवड मोजण्यासाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या. १९८६ साली स्टर्नबर्ग यांनी प्रेमाचे जवळीक, ओढ आणि बांधिलकी असे तीन घटक मांडले.

रुबिन यांची प्रश्नावली भारतातही वापरली गेली. १९८२ साली गुप्ता आणि सिंग यांनी जयपूरमधील ५० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लग्नाला अधिक वर्षे झालेल्यांत, ठरवून लग्न केलेल्यांचे प्रेमाचे गुण जास्त दिसले आणि प्रेमविवाह केलेल्यांचे कमी. ‘लग्नानंतर प्रेम आपोआप जडते’ असे एखाद्या नाराज मुलीला समजावताना असा दाखला फार सोयीचा ठरतो. पण इथे थांबायला हवे. तीच जोडपी वर्षानुवर्षे पुन्हा तपासलेली नव्हती. नव्या-जुन्या वेगवेगळ्या जोडप्यांची तुलना होती. पुढे २०१२ साली अमेरिकेतील भारतीयांच्या एका छोट्या अभ्यासात दोन्ही प्रकारच्या विवाहांत प्रेमाचा फरक आढळला नाही.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांत नववी-दहावीची मुले प्रेमाबद्दलची विधाने चित्रपटांतून आणि घरातून रोज ऐकतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा असे एक विधान फळ्यावर लिहावे आणि विचारावे: हे तपासायचे तर कोणाला, कधी आणि किती वेळा विचारावे लागेल? काय आढळले तर ते चूक ठरेल? हा सराव झालेली मुलगी दाखल्यांना सहज भुलणार नाही.