क्रौंचांना शिकवलेली वाट

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे चातक येतो. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. पिल्लाला वाढवतात ते सातभाई, आणि ते आपला परिसर सोडून कुठेच जात नाहीत. तरीही पावसाळा संपल्यावर चातकाचे पिल्लू आफ्रिकेच्या दिशेने निघते. त्याला वाट दाखवायला आईबाप बरोबर नसतात. म्हणजे केव्हा निघायचे आणि कोणत्या दिशेने जायचे, हे ते जन्मतःच घेऊन आलेले असते.

सर्वच पक्ष्यांचे असे नसते. क्रौंचांच्या पिल्लात निघण्याची ओढ उपजत असते. पण नेमका मार्ग, वाटेतले मुक्काम आणि शेवटचे ठिकाण ते पहिल्या प्रवासात आईबापांबरोबर उडून शिकते. एकदा गेले की पुरते. परतीची वाट ते आपली आपण शोधते. ही शिकवणी जितकी सोपी, तितकीच नाजूक. वाट जाणणारे पक्षी मारले गेले, तर वाटही त्यांच्याबरोबर जाते.

उत्तर अमेरिकेतील हूपिंग क्रौंचावर ही वेळ आली. माणसाएवढा उंच, पांढराशुभ्र, पंखांची टोके काळी असा हा पक्षी. शिकार आणि पाणथळ जागांचा नाश यांमुळे १९४१ साली निसर्गात जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले. त्यांपैकी स्थलांतर करणारे पंधरा-सोळाच होते. ते हिवाळ्यात टेक्सासच्या अरान्सास किनाऱ्यावर येत. पण उन्हाळ्यात कुठे जातात हे १९५४ पर्यंत ठाऊकच नव्हते. त्या वर्षी कॅनडाच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात त्यांची घरटी सापडली. अंतर सुमारे ४००० कि.मी.! संरक्षणामुळे हा कळप हळूहळू वाढू लागला. पण एकच कळप, एकच वाट. एखादी साथ किंवा वादळ आले तर जातच संपायची. म्हणून दुसरा कळप हवा होता.

हूपिंग क्रौंच बहुधा दोन अंडी घालतो, पण पिल्लू सहसा एकच वाढते. तेव्हा १९६७ पासून एकेक अंडे उचलून कृत्रिम रीतीने पिल्ले वाढवणे सुरू झाले. वाट कोण शिकवणार? १९७५ साली आयडाहोमध्ये एक युक्ती केली गेली. हूपिंग क्रौंचाची अंडी सँडहिल क्रौंचांच्या घरट्यांत ठेवली. पालक पक्ष्यांनी पिल्ले वाढवली आणि न्यू मेक्सिकोची वाटही दाखवली. प्रयोग यशस्वी झाला असे वाटले. पण मोठी झाल्यावर ही पिल्ले आपल्या जातीशी जोडी जमवेनात. ती स्वतःला सँडहिलच समजत होती. लहानपणी समोर जो असतो त्याचा ठसा पक्ष्याच्या मनावर उमटतो, हे कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवर दाखवून दिले होते. तोच ठसा इथे आड आला. १९८९ साली अंडी ठेवणे थांबले.

याच सुमारास कॅनडातील शिल्पकार बिल लिशमन आपल्या अतिहलक्या विमानामागे हंसांना उडायला शिकवत होते. १९९३ मध्ये जोसेफ डफ यांच्यासह त्यांनी अठरा हंसांना ओंटारिओहून व्हर्जिनियाला नेले. पुढच्या वसंतात त्यांतील बहुतेक आपण होऊन परतले. मग क्रौंचांचा विचार सुरू झाला. आता ठशाचा धडा विसरून चालणार नव्हते. अंड्यात असल्यापासून पिल्लांना इंजिनाचा आवाज ऐकवला गेला. सांभाळणारी माणसे अंग झाकणारे पांढरे झगे घालत, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरत आणि पिल्लांजवळ एक शब्दही बोलत नसत.

ऑक्टोबर २००१ मध्ये विस्कॉन्सिनमधील निसीडाहून आठ क्रौंच निघाले. एक वाटेत वादळी रात्री विजेच्या तारांवर आदळून मेला. सुमारे १९५० कि.मी. अंतर काटून डिसेंबरात सात क्रौंच फ्लोरिडात पोहोचले. पुढच्या वसंतात पाच पक्षी विमानावाचून विस्कॉन्सिनला परतले. वाट त्यांनी पाठ केली होती!

पुढे दरवर्षी नवी तुकडी नेली गेली. २००६ साली या कळपाचे पहिले पिल्लू निसर्गात वाढले आणि आईबापांबरोबरच फ्लोरिडाला गेले. पण फेब्रुवारी २००७ च्या वादळात मुक्कामाच्या कुंपणातील अठरापैकी सतरा पिल्ले मेली. शिवाय मोठे झालेले पक्षी अंडी घालत, पण घरटी सोडून जात. चावणाऱ्या काळ्या माश्यांचा उपद्रव हे एक कारण निघाले. माणसाच्या हाताखाली वाढलेल्या पक्ष्यांना पालकपण नीट जमत नसावे, अशीही शंका बळावली. अखेर २०१६ च्या सुरुवातीस विमानामागून नेणे बंद करण्याचे ठरले, आणि पिल्ले शक्यतो क्रौंचांकडूनच वाढवून घेण्यावर भर दिला गेला. मूळ कळप आज पाचशेच्या वर आहे. पूर्वेकडचा अजून शंभराच्या आत.

मग इतका खटाटोप वाया गेला का? नाही. या कळपाच्या आठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात आला. ज्या थव्यात सात वर्षांचा पक्षी होता, तो केवळ एक वर्षाच्या पक्ष्यांच्या थव्यापेक्षा सरळ वाटेपासून सुमारे ३८ टक्के कमी भरकटे. थवा किती मोठा आहे किंवा पक्षी कोणाच्या वंशातला आहे, याने फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो जाणत्या सोबत्याच्या अनुभवाने.

ज्या हिवाळ्यात हे सात क्रौंच फ्लोरिडात पोहोचले, त्याच २००१-०२ च्या हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला सायबेरियन क्रौंचाची शेवटची जोडी दिसली. त्याआधी, १९९० च्या दशकात, माणसाने वाढवलेली पिल्ले तेथे सोडून पाहिली होती. ती उत्तरेला गेली नाहीत. जोडी पुन्हा आली नाही, आणि भरतपूरची वाट जाणणारा कोणी उरला नाही.

वर्गात स्थलांतर शिकवताना 'उपजत' हा शब्द आपण सहज वापरतो. तेव्हा चातक आणि क्रौंच मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत. जातीतले चार पक्षी पिंजऱ्यात वाचवले म्हणजे जात वाचली का, हा प्रश्न मुले मग आपणहूनच विचारतील.