कापसाची घडी

इतिहास राजवाड्यांत घडतो, असे मी वर्गात शिकवीत आलो. एक इतिहास मात्र मला घाटकोपरला, मावशीच्या शिवणाच्या डब्यात सापडला.

परळच्या टाटा रुग्णालयात (हे १९४१ साली उघडले) मावशीचा डावा स्तन काढावा लागला. घरी येताच तिने जुन्या धोतराची पिशवी शिवून पोलक्याच्या आत बसविली व तीत कापूस भरला. दोन धुण्यांत कापसाच्या गुठळ्या होत; शिवाय हलका म्हणून तो वर सरके. मग तिने तळाशी मोहरीची पुरचुंडी घातली.

अमेरिकेत हॉल्स्टेडने १८८२ च्या सुमारास ही शस्त्रक्रिया रूढ केली. जीव वाचू लागले. आरशापुढचे दुःख बाईच्याच माथी राहिले. बार्बी बाहुलीची जननी रूथ हँडलर हिच्यावर १९७० मध्ये तीच वेळ आली. तिने पॉलियुरेथेनच्या आवरणात सिलिकॉन भरून वजन आणले, पाठीशी ताठ फोम देऊन आकार टिकविला, आणि पायताणांसारखे उजवे-डावे निराळे केले.

हे ऐकून मावशी म्हणाली, "बघ, माझी मोहरी काही चुकली नव्हती!"

राजवाड्यांचे ते वाक्य मी आता वर्गात उच्चारीत नाही.