स्नातक पदवीची अर्हता

विद्यापीठाची प्रथम पदवी प्राप्त करण्यासाठी विद्यार्थ्याने पूर्ण करावयाच्या प्रवेश, अध्ययनकाल, उपस्थिती व परीक्षा यांविषयीच्या अटींचा समुच्चय.

लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने (पाहा : मुंबई विद्यापीठ) प्रारंभी अध्यापन स्वतःकडे न ठेवता केवळ परीक्षा घेऊन पदव्या देण्याचा अधिकार चालविल्यामुळे, मॅट्रिक उत्तीर्ण उमेदवारास संलग्न महाविद्यालयात ‘टर्म भरल्या’चा प्राचार्यांचा दाखला हजर केल्यावाचून पुढील परीक्षेस बसता येत नसे. पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये व पहिली बी. ए. परीक्षा १८६२ मध्ये झाली, म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर हे विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी होत (पाहा : रानडे, महादेव गोविंद).

कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) रूढ झालेल्या आकृतिबंधात बारावीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार त्यास किमान १२० व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० श्रेयांक लागतात. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रातील सुमारे १५ तास. नाव श्रेयांकाचे असले, तरी हा हिशेब मुख्यतः तासांचाच होय. मुख्य विषयाखेरीज गौण विषय, भाषा, कौशल्ये व आंतरवासिता यांचाही त्यात अंतर्भाव असून, मध्येच शिक्षण थांबविणाऱ्यास प्रमाणपत्र वा पदविका मिळते आणि अर्जित श्रेयांक २०२१ पासूनच्या श्रेयांकपेढीत जमा राहतात (पाहा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०).

अटी पूर्ण झाल्यावर दीक्षान्त समारंभात पदवी प्रदान होते. नोकरभरती व पदव्युत्तर प्रवेशात तीच मूळ अर्हता धरली जाते.