पुरावा कोणीं द्यावा? — इंग्लंडांतील बेकार-भत्त्याचा इतिहास
नोकरी सुटलेल्या माणसास कांहीं काळ सरकारी व्यवस्थेंतून पोटापुरती मदत मिळावी, हें तत्त्व आतां पुष्कळ राष्ट्रांनीं मान्य केलें आहे. परंतु मदत मागावयास आलेला मनुष्य खरोखर निरुपाय झाला आहे कीं काम टाळीत आहे, हें ठरवावयाचें कसें, व तें सिद्ध करण्याचा भार कोणावर घालावयाचा, ह्या प्रश्नाचा निकाल मात्र अद्यापि लागलेला नाहीं. इंग्लंडांतील बेकार-भत्त्याचा इतिहास पाहिला म्हणजे, भत्त्याच्या रकमांपेक्षां हा पुराव्याचा प्रश्नच त्याच्या मुळाशीं आहे, असें आम्हांस वाटतें.

बेकारीच्या विम्यापूर्वीं त्या देशांत कंगालास मुख्य सरकारी आधार म्हणजे ‘पुअर लॉ’ खालील मदत. ती घेणें म्हणजे अब्रू घालविणें होतें. इतकेंच नव्हे, तर १९१८ पर्यंत ती घेणाराचा मताचा हक्कहि सामान्यतः जाई. ह्या नामुष्कीवांचून कामगारास आधार मिळावा म्हणून १९११ च्या राष्ट्रीय विम्याच्या कायद्यांत बेकारीचा विमा घालण्यांत आला. इमारती, जहाजें, यंत्रें इत्यादि सात धंद्यांतील सुमारें साडेबावीस लक्ष कामगारांस तो प्रथम लागू झाला. कामगारानें आठवड्यास अडीच पेन्स द्यावे, मालकानें तितकेच द्यावे, सरकारनें त्यांत भर घालावी. आणि काम सुटल्यास पहिला आठवडा सोडून वर्षांतून पंधरा आठवड्यांपर्यंत दर आठवड्यास सात शिलिंग मिळावे, अशी योजना होती. १९१३ च्या जानेवारींत भत्ते वाटण्यास सुरुवात झाली.

मागणीची रीत साधी होती. वर्गणीचीं तिकिटें लावलेलें पुस्तक ‘लेबर एक्स्चेंज’ ह्या सरकारी कचेरींत ठेवावयाचें आणि कामाच्या वेळांत तेथें येऊन सही करावयाची. कामावर असलेल्यास त्या वेळीं येणें अशक्यच; म्हणून ती सही हाच बेकारीचा पुरावा होई. गैरवर्तणुकीमुळें काढलेल्यास किंवा सबळ कारणावांचून काम सोडणारास सहा आठवडे भत्ता मिळत नसे. मागणी नाकारली गेल्यास मालकांचा एक, कामगारांचा एक व एक अध्यक्ष अशा पंचांपुढें दाद मागतां येई.

पहिल्या महायुद्धानंतर ही घडी विसकटली. १९२० सालीं विम्याचें क्षेत्र एक कोटीहून अधिक कामगारांपर्यंत वाढलें, आणि त्याच सुमारास मंदी आली. १९२१ च्या उन्हाळ्यांत बेकारांची संख्या वीस लक्षांवर गेली. ज्यांचा वर्गणीवरील हक्क संपला त्यांनाहि भत्ता देणें भाग पडलें. पण त्याबरोबर एक नवी अट आली. आपण मनापासून काम शोधीत आहों, हें अर्जदारानेंच सिद्ध केलें पाहिजे. १९२४ पासून ही अट सर्वांसच लागली. आतां नुसती सही पुरेना. कोणकोणत्या दारीं गेलास, केव्हां गेलास, असे प्रश्न सुरू झाले. ज्या गांवची एकुलती एक खाण किंवा गोदी बंद पडली होती, तेथें काम नाहीं हें अधिकाऱ्यासहि ठाऊक असे आणि अर्जदारासहि. तरी पुरावा जमविण्यासाठीं माणसें मैलोगणती पायपीट करीत आणि बंद फाटकें ठोठावीत. १९२१ ते १९३० ह्या नऊ वर्षांत ह्या एका अटीखालीं सुमारें तीस लक्ष मागण्या नाकारल्या गेल्या. मनाची निष्ठा मोजण्याचें माप कोणत्याच कचेरीपाशीं नसतें. अशा चौकशींत वाक्चतुर तरतो आणि भांबावलेला बुडतो.

१९३० सालीं, मार्गारेट बाँडफील्ड ह्या मजूरमंत्री असतांना, त्यांच्याच पक्षांतील सभासदांच्या आग्रहामुळें ही अट रद्द झाली. कचेरीनें योग्य काम दाखवावें, आणि अर्जदारानें तें नाकारलें तरच भत्ता बंद व्हावा, असें ठरलें. पुराव्याचें पारडें फिरलें. परंतु विम्याच्या निधीवरील कर्ज दहा कोटि पौंडांच्या पुढें चालले होतें. १९३१ च्या ऑगस्टांत भत्त्याच्या कपातीवरून रॅम्से मॅक्डोनल्ड ह्यांचें मंत्रिमंडळ फुटलें. नव्या सरकारनें शेकडा दहा कपात केली, आणि सव्वीस आठवड्यांनंतर पुढील मदत हवी असल्यास घरच्या ऐपतीची चौकशी लावली.

हीच ती ‘मीन्स टेस्ट’. ‘काम शोधिलेंस काय?’ ह्या प्रश्नाच्या जागीं ‘घरांत काय आहे?’ हा प्रश्न आला. मुलाची मजुरी, मुलीचा पगार, म्हाताऱ्याचें पेन्शन, शिल्लक ठेव, सर्व हिशेबांत धरून बापाचा भत्ता कापला जाई. त्यामुळें कित्येक कमावतीं मुलें घर सोडून भाड्याच्या खोलींत राहूं लागलीं. एकाच्या मिळकतीवर अनेकांचा संसार चालविणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या नियमाचा डंख समजावून सांगण्याची गरज नाहीं. रॉदरहॅम व डरहॅम येथील समित्यांनीं हात सैल सोडला, तेव्हां सरकारनें त्यांचे अधिकार काढून आपले कमिशनर नेमले. १९३५ च्या आरंभीं नवे दर लागतांच दक्षिण वेल्समध्यें इतके प्रचंड मोर्चे निघाले कीं, सरकारला फेब्रुवारींत ते दर थोपवून धरावे लागले. सबंध कुटुंबाची चौकशी १९४१ सालीं बंद झाली. पुढच्याच वर्षीं बेव्हरिज ह्यांचा अहवाल आला, आणि वर्गणी भरली म्हणजे चौकशीवांचून हक्क, हें तत्त्व १९४८ च्या जुलैपासून अंमलांत आलें.

येथें कथा संपली असती तर बरें झालें असतें. परंतु १९८९ च्या कायद्यानें ‘सक्रियपणें काम शोधीत असल्याची’ अट पुनः आणली, आणि १९९६ पासून अर्जदाराकडून तसा लेखी करारहि घेण्यांत येऊं लागला. शब्द बदलले, प्रश्न तोच.

सार्वजनिक पैशाचा हिशेब मागूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. लबाडी होते, आणि तिला आळा घातलाच पाहिजे. परंतु कोठें काम आहे व कोठें नाहीं ह्याची नोंद सरकारपाशीं असते. नुकतें काम गमावलेल्या माणसापाशीं ती नसते. ज्याच्या हातीं माहिती, त्यानेंच पुरावा द्यावा, हा व्यवहारांतला साधा न्याय होय. १९३० च्या कायद्यानें तो एकदां ओळखला होता. जें राष्ट्र अशी व्यवस्था नव्यानें उभारूं पाहील, त्यानें अर्जाचा नमुना छापण्यापूर्वीं हा अध्याय अवश्य वाचावा.