वाकवून टाकणारा ताप

२००६ सालचा चातुर्मास आमच्या सीमाभागातली माणसं अजून विसरलेली नाहीत. बेळगावजवळच्या आमच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस भिंतीला धरून चालत होतं. रोगाचं नाव चिकुनगुनिया. टांझानियात १९५२-५३ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या माकोंडे लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी वाकवून टाकणारा.

आपल्याला तो नवा नव्हता. १९६३ साली कोलकात्यात, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तो येऊन गेला होता. मग तीसेक वर्षं गप्प. २००५च्या अखेरीस परतला आणि २००६त देशभर १३ लाखांवर संशयित रुग्ण झाले. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या कर्नाटकातले.

या तापानं कोणी मरत नाही, असं तेव्हा सगळेच सांगत. पण अहमदाबादेत पुढे मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साथीच्या चार महिन्यांत नेहमीपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त निघाले. आणि मरण नाही म्हणून नुकसान नाही, असं थोडंच असतं? ताप आठवड्यात उतरायचा, बोटांची सूज महिनोन्‌महिने राहायची. भाकरी थापता येईना, खुरपं धरवेना. रोजगाराच्या बायकांचा हंगाम बुडाला, तो कुठल्या नोंदीत आला?

हा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. आमच्याकडे नळाला आठवड्यातनं एकदा पाणी, म्हणून हौद कायम भरलेला. आरोग्य खात्याची बाई म्हणाली, "आज्जी, हौद ओता." सासूबाई अडून बसल्या, "त्यात जीव हायत की गं!" प्यायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून जिवाणी पुन्हा विहिरीत सोडणारी ती बाई. तिला काय सांगायचं? मी एवढंच म्हटलं, "शेजारचं लेकरू तापानं तळमळतंय, तोही जीवच."

हौद ओतला. सासूबाईंनी त्या दिवशी उपवास केला. दुसऱ्या दिवशी सुजल्या हातांनी हौद घासला आणि भरल्यावर स्वतःच वर जुनं लुगडं ताणून बांधलं. "आत जन्मूच दिलं न्हाई, तर मारायला नको," म्हणाल्या. आरोग्य खात्याचा सल्लाही शेवटी तोच होता.

पाणी आजही आठवड्यातनं एकदाच येतं. आमचा हौद मात्र उघडा राहत नाही.